‘बं’च्या पुढचं अक्षर

३ फेब्रुवारी

वहिनी,

फोन तू आपटलास की मी, ते जाऊ दे. आपण दोघी फोनवर आलो की पाचव्या वाक्याला भांडतो आणि सहाव्याला फोन ठेवतो. म्हणून लिहिते. पत्रात निदान बोलणं पुरं तरी होतं. माझं अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. चौथीपर्यंतच शाळा झालीय माझी, त्याला आता काय करू.

काल तू म्हणालीस, दादा बरा आहे. मग मागून तो आवाज कोणाचा येत होता? बरा असलेला माणूस असा ओरडतो? विचारलं तर म्हणालीस, "गाणं ऐकून भारावतात." वहिनी, मी अडाणी असेन, बहिरी नाही. आमच्या कारखान्यात एका बाईच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली होती, तेव्हा ती अशीच ओरडली होती. ती काही भारावली नव्हती.

तर आता नीट लिही. झटका येऊन तीन महिने होत आले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, एवढं मला ठाऊक आहे. पुढचं तू सांगत नाहीस. जेवतो का? माणसं ओळखतो का? डॉक्टर काय म्हणतो? आणि त्याच्या उशाशी दिवसभर ते काय लावून ठेवतेस? आजारी माणसाला जरा गप पडू द्यावं की नाही?

तू म्हणशील, एवढी काळजी आहे तर येऊन बघा. येता आलं असतं तर आले असते. शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आहे. दिवसाला दोनशे बाह्या जोडते मी. माझं मशीन रिकामं राहिलं तर पुढच्या सहा जणी बसून राहतात.

लवकर लिही. गोड गोड लिहू नको.

तुझी नणंद


८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर लागलं. शब्दही लागले.

विचारलंत म्हणून जे आहे ते लिहिते. हे जेवतात, पण भरवावं लागतं. माणसं ओळखतात असं मला वाटतं. डॉक्टरांना तसं वाटत नाही, आणि सगळं तिथेच अडलं आहे. डॉक्टर म्हणतात, आपण काय बोलतो ते ह्यांना कळतच नाही, डोक्यातला तो भागच गेला आहे, म्हणून हे ओरडतात, हाताला येईल ते फेकतात. मी म्हणते, ह्यांना सगळं कळतं, फक्त तोंडाशी येऊन थांबतं. ४ मार्चला डॉक्टर ठरवणार आहेत. त्यांचं खरं निघालं तर ह्यांना मोठ्या इस्पितळाच्या बंद वॉर्डात नेतील आणि गोळ्या सुरू करतील. त्या गोळ्यांनी माणूस शांत होतो आणि मग शांतच राहतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एकदा त्या गोळ्या लागल्या की बोलणं परत येण्याची आशा सोडा.

डॉक्टरांना एकच गोष्ट हवी आहे. एक शब्द. जाणूनबुजून म्हटलेला, ज्याचा अर्थ लागेल असा.

आणि शब्द आहे, वन्सं. अर्धा आहे. पंधरा दिवस झाले, हे "बं" म्हणतात. ओठ मिटतात, कपाळावर शीर उभी राहते आणि "बं". पुढे जीभ वर टाळूपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. घाम फुटतो ह्यांना. मला पहिल्याच दिवशी कळलं. बंदिश. दुसरं काय असणार? लग्न होऊन तीस वर्षं झाली, त्यातला एक दिवस असा गेला नाही की हा शब्द घरात उच्चारला गेला नाही. म्हणून ह्यांच्या स्वतःच्या जुन्या मैफली मी उशाशी लावते. सकाळी सकाळचे राग, संध्याकाळी संध्याकाळचे. ऐकताना डोळ्यांतून पाणी येतं. मग ओरडतात. मला वाटतं, नेमकी कोणती बंदिश हवी आहे ती मला सापडत नाही म्हणून चिडतात. रोज नव्या लावून बघते. कालपर्यंत एकशे बारा झाल्या.

तुम्हाला हसू येईल. तुम्ही एकदा म्हणाला होता, "हे लोक एकाच शब्दावर अर्धा तास घासत बसतात, तेवढ्यात मी वीस बाह्या जोडते." तुम्ही गमतीनं म्हणाला असाल. मला तो अर्धा तासच आवडतो. बाहेर काहीही चाललेलं असो, एक माणूस एका शब्दाला सोडून जात नाही, हे ऐकताना मला सुरक्षित वाटतं. तुम्हाला हे पटणार नाही, तरी लिहिलं.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

हसू नाही आलं. डोकं फिरलं. एकशे बारा! अगं, माणूस आजारी आहे की परीक्षेला बसलाय?

तू मनातलं लिहिलंस तर मीही लिहिते. तुमचं ते गाणं मला कधी कळलं नाही, आणि कळल्यासारखं तोंड करून बसायलाही जमलं नाही. आमच्याकडे भिंतीवर भोंगा आहे. सकाळी कामाबरोबर गाणी सुरू, संध्याकाळी कामाबरोबर संपली. सुपरवायझर हुशार आहे. जेवणानंतर बायका पेंगायला लागल्या की उडती गाणी लावतो. पाय आपोआप पायदानावर पळतात, बाही कधी जोडून झाली ते कळत नाही. गाणं असं उपयोगी पडावं. चार मिनिटांत हसवतं, रडवतं आणि उठून जातं. शहाण्या पाहुण्यासारखं. तुमचं गाणं आलं की बूट काढून बसतंच. चहा झाला, जेवण झालं, उशी दिली, तरी म्हणतं, अजून जरा आलाप राहिलाय.

आणि दादा काय जन्मापासून तंबोरा धरून बसला होता? तुला त्यानं सांगितलं नसेल. सांगायची लाज वाटत असेल. तू त्याच्या घरात आलीस त्याच्या किती तरी आधी आम्ही दोघं बँडमध्ये होतो. तो पंधराचा, मी नऊची. तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि मी गायचे. मिरवणूक असली, कोणाचं दुकान उघडायचं असलं की आम्ही सगळ्यांच्या पुढे. माझ्या मापाचा गणवेश बँडकडे नव्हता, म्हणून दादाची जुनी लाल बंडी माझ्या अंगात घालायचे. बिनबाह्यांची, पितळी बटणांची, माझ्या गुडघ्याखाली लोंबायची. सगळे हसायचे, दादा सगळ्यांत जास्त. मी तोंड उघडलं की कोणी हसायचं नाही.

मग त्याला गुरुजी भेटले. गुरुजी म्हणाले, आधी बँड सोड. बँडमास्तर म्हणाला, तुम्ही दोघं आहात म्हणून गिऱ्हाईक येतं, एकाला सोडतो, दुसरी राहील. दादा सुटला, मी राहिले. माझी शाळा तिथेच संपली. ते असो, ते उकरायला मी बसलेली नाही.

सांगायचं ते एवढंच. ‘बं’ म्हणजे बंदिश नव्हे गं बाई. बँड! आजारी माणसाला लहानपणचं आठवतं, हे कोणीही सांगेल. सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्या वेळची गाणी शोधून सुपरवायझरकडून भरून घेतली, अकरा आहेत. तुझ्या एकशे बारा बाजूला ठेव आणि ही लाव. बोलला नाही तर मला सांग.

तुझी नणंद


१८ फेब्रुवारी

वन्सं,

लावली. पोचली त्याच दिवशी, दुपारी चार वाजता.

पहिल्या गाण्याला हे हसले. सरळ लिहिते, मला हेवा वाटला. तीन महिन्यांत हे माझ्याकडे बघून एकदाही हसले नाहीत. डाव्या हाताची बोटं चादरीवर चालायला लागली, एक उचल, एक दाब, अशी. तुमचं पत्र आलं नसतं तर ती क्लॅरिनेटवरची बोटं आहेत हे मला मेले तरी कळलं नसतं. तीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर राहिले. हसत हसत हे सारखे दाराकडे बघत होते. मला वाटलं, बाहेरचा उजेड डोळ्यांवर येतोय. मी उठून दार लोटून घेतलं.

दुसऱ्या गाण्याला हसू गेलं. तिसऱ्याला "बं", "बं" सुरू झालं, पूर्वी कधी झालं नव्हतं इतकं जोरात. मी तुमचं ऐकून आवाज वाढवला. म्हटलं, शब्द सुटतोय. हे उठायला बघत होते. डावा पाय पलंगावरून खाली टाकला, उजवा आला नाही. मी धरायला पुढे झाले आणि ह्यांनी पाण्याचा स्टीलचा पेला स्पीकरवर भिरकावला. मध्ये मी होते. भुवईवर तीन टाके पडले.

टाके घालायला ह्यांचेच डॉक्टर होते. मी पडले म्हणून सांगितलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि ह्यांच्या कागदावर एक शब्द लिहिला. मला उलटा दिसत होता, तरी वाचता आला. आक्रमक. ४ तारीख तीच आहे, पण आता ते ठरवणार नाहीत. ठरलेलं सांगणार आहेत.

तुमच्या बँडचा शब्द निघाला नाही. माझ्या बंदिशीचाही निघाला नाही. ह्यांचे ह्या घरात आता फक्त चौदा दिवस आहेत आणि मी एकटी आहे.

आता एक विचारते, आणि ह्या वेळी गणवेशांचं कारण देऊ नका. तुम्हाला दादाची काळजी आहे हे तुमच्या प्रत्येक शिवीतून दिसतं. सात तासांची बस आहे. अकरा वर्षांत तुम्ही ह्या घरात पाऊल टाकलं नाही. त्या दिवशी तुम्ही पिशवी उचलून न जेवता निघून गेलात. माझ्याकडून काही कमी-जास्त बोललं गेलं होतं का? मी अकरा वर्षं आठवून बघते आहे.

वहिनी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

टाके कधी निघणार? डोळा वाचला ना? मी ‘आवाज वाढव’ असं लिहिलं नव्हतं, पण लिहिलं असतं. पेला माझाच समज.

तू काही बोलली नव्हतीस. तू त्या दिवशी चहाचे कप आणून ठेवत होतीस आणि मी धूत होते.

आता खरं ऐक. मला ठाऊक होतं. फोनवर तुझ्यामागून तो आवाज ऐकला, तेव्हाच मला कळलं तो काय म्हणतोय. मी बँड-बँड करून तुझ्या गळ्यात मारलं, कारण दुसरा शब्द लिहायला माझा हात चालत नव्हता. तो म्हणतोय, बंद. बंद कर.

अकरा वर्षांपूर्वी त्याचे सगळे शिष्य बैठकीला जमले होते. मी स्वयंपाकघरात कप धुताना गात होते. बँडच्या वेळचं एक गाणं. माझा आवाज तुला माहीत आहे, नळाच्या वरून जातो. दार उघडं होतं. दादा उठून आला, दारात उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बंद कर ते." गाणं बंद कर असंसुद्धा नाही म्हणाला. ‘ते’. घाण पडल्यावर म्हणतात ना, ते उचल, तसं. ज्या गाण्यासाठी मी मागे थांबले म्हणून हा पुढे जाऊन बसला, त्याला ‘ते’. मी हातातला कप पुसला, पालथा घातला आणि पिशवी उचलली.

त्यानंतर मी गायले नाही. कारखान्यात भोंगा लागला की सगळ्या बायका त्याच्याबरोबर गातात. मी दातात दोरा धरते. दातात दोरा असला की कोणी गा म्हणत नाही.

म्हणून सांगते, सगळं बंद कर. तुझ्या एकशे बारा आणि माझी अकरा. स्पीकरची वायर काढून ट्रंकेत टाक. महिनाभर माणूस ‘बंद’ म्हणतोय आणि आपण दोघी त्याच्या दोन कानांत दोन तऱ्हेची गाणी ओततोय, कोणाची जिंकतात ते बघायला. वेड लागलं नाही तेच नवल. पेला मी आधी फेकला असता.

आणि हे डॉक्टरला सांग. बंद. जाणूनबुजून म्हटलेला आहे, अर्थ लागतो. मला तो शब्द लागायचा तेवढा लागून झालाय. दादाच्या तरी उपयोगी पडू दे.

तुझी नणंद


२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र उभ्यानंच वाचलं आणि स्पीकरची वायर काढली.

आधी एक कबूल करते, मग बाकीचं. हे तसं म्हणाले, हे मी ऐकलं होतं. मी ट्रे घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. मी काही बोलले नाही. बोलले नाही, कारण मला बरं वाटलं. ह्या घरात दुसऱ्या तऱ्हेचं गाणं मला नको होतं. आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गायला लागलात तेव्हा हे तंबोरा लावत होते. हात थांबला. बराच वेळ हे तसेच बसून तुमचं गाणं ऐकत होते. मग एक शिष्य दुसऱ्याकडे बघून हसला, आणि हे उठले. मी हे सगळं पाहिलं आणि अकरा वर्षं तुम्हाला कळवलं नाही. उलट, तुम्ही कशावरून रुसलात असं विचारत राहिले. त्याची शिक्षा भुवईवर तीन टाके म्हणजे कमीच.

आता ह्यांचं. घर गप्प झालं. पहिल्या दिवशी हे झोपले, नुसते झोपले. आज सकाळी डाव्या हातानं स्वतः चमचा धरला. मला वाटलं, जिंकलो. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं की शब्द ‘बंद’ आहे. त्या म्हणाल्या, "मग बंद केल्यावर थांबायला हवा होता."

आणि वन्सं, तो थांबला नव्हता. शांत घरात, कोणी काही लावलेलं नसताना, हे "बं" म्हणतच होते. उलट आता जास्त स्पष्ट.

बाई म्हणाल्या, काही माणसांना बोलता येत नाही पण गाता येतं, त्याची वाट डोक्यात वेगळी असते. तुम्ही ह्यांना गायला का लावत नाही? मी थक्क झाले. महिनाभर ह्यांचंच गाणं ह्यांना ऐकवलं, गायला जागाच ठेवली नाही. मला गाता येत नाही, पण तंबोरा छेडता येतो. तंबोरा काढला, धूळ पुसली, लावला. ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. आज दहा वाजता ह्यांनी षड्ज लावला.

कसा ते मला लिहिता येणार नाही. आवाज फाटका होता, एका बाजूनं वारा जात होता. पण षड्ज जागेवर होता. "बं" म्हणून लावला आणि तो शब्द धरून बसले. सोडेनात. खाली उतरले, परत आले, पुन्हा "बं". जणू बंद दाराशी उभे आहेत आणि घाई नाही. मी श्वास धरून तारा छेडत होते. आणि मग, अगदी सहज, पुढचं अक्षर आलं.

"बंडी."

तीनदा म्हटलं. स्वच्छ. मी आणि त्या बाई, दोघी रडलो. ‘द’ नव्हताच तो, वन्सं. ‘ड’ होता.

मग मी धावत जाऊन कपाटातून बंडी आणली. लोकरीची. ह्यांनी मान हलवली. पांढरी सुती आणली, बिनखिशाची आणली, मागच्या हिवाळ्यातली आणली. सात बंड्या पलंगावर मांडल्या. ह्यांनी डाव्या हातानं एकेक उचलून खाली टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा गायला तयार नाहीत.

शब्द पुरा झाला आणि अर्थ लागत नाही. डॉक्टर म्हणतात ते हेच. मी त्यांना काय सांगू, ह्यांना बंडी हवी आहे पण बंडी नको आहे? तुम्ही त्या लाल बंडीचं लिहिलं होतं. ती तुमच्याकडे आहे का? असेल तर लगेच पाठवा. ४ तारखेच्या आत मिळायला हवी.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

सातही बंड्या घडी करून कपाटात टाक.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत मशीनवरच वाचलं. डबा तसाच राहिला. लाल बंडी नाही माझ्याकडे. ती बँडमास्तरकडे राहिली, उंदरांनी कधीच कुरतडली असेल. आणि असती तरी उपयोग नव्हता. कपडा नाही मागत तो.

बंडी म्हणजे मी.

त्या बंडीत मी दिसायचेच नाही, नुसती बंडी चालत यायची. म्हणून त्यानं मला ते नाव पाडलं. दुसरं कोणी म्हणत नव्हतं, मी म्हणूच दिलं नसतं. गुरुजींकडे निघाला त्या सकाळी पायऱ्यांवरून ओरडला होता, "येतो गं बंडी." त्यानंतर नाही. गुरुजींच्या घरी गेल्यावर त्याच्या तोंडातून ते नाव गेलं, तू आलीस तेव्हा घरातून गेलं होतं. तुला कुठून कळणार? तुझी काही चूक नाही. आजारी माणूस बंडी म्हणाला तर कोणीही कपाटच उघडेल.

चूक माझी. मला कळायला हवं होतं. मी स्वतः तुला त्या बंडीचं लिहिलं, बटणांसकट लिहिलं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. ‘बं’ म्हटलं की मला एकच शब्द ऐकू येत होता, कारण अकरा वर्षं मी तोच ऐकत बसले होते. आता तुझी पत्रं परत काढून वाचली. माझी गाणी लागली तेव्हा तो हसून दाराकडे बघत होता ना? त्याला वाटलं, मी आले. गाणं आलं म्हणजे मागून बंडी येणारच. तू दार लोटलंस. मीही लोटलं असतं.

एका शब्दावर अर्धा तास घासत बसतात म्हणून मी तुम्हाला हसायचे. महिनाभर बसला तो एका नावावर. जीभ गेली, अर्धं अंग गेलं, तरी उठला नाही तिथून. हे माझ्या गाण्यांना जमलं नसतं, ती चौथ्या मिनिटाला निघून गेली असती. तुझ्या त्या अर्ध्या तासाचं काय ते मला आत्ता थोडंसं कळलं. लगेच खूश होऊ नको, एकशे बारा ऐकायला मी बसणार नाही.

आणि ‘बंद कर ते’ म्हणाला ते म्हणालाच. शिष्य हसला म्हणून म्हणाला असेल, तरी म्हणालाच. तू बोलली नाहीस तीही बोलली नाहीस. ते मी विसरलेली नाही. त्याच्यावर मला ओरडायचं आहे, पण समोर उभं राहून. गोळ्या खाऊन गप्प पडलेल्या माणसावर कसं ओरडू?

म्हणून आता नीट ऐक. ३ तारखेला सकाळची बस धरते, दुपारी पोचते. सुपरवायझर म्हणाला, गणवेशांचं काय? म्हटलं, भोंगा लाव आणि तू जोड. घरात शिरल्यावर मी आतल्या खोलीत बसेन, दादाला दिसणार नाही, माझं नाव काढू नकोस. ४ तारखेला डॉक्टर आला की मला त्याच्यासमोर दारात उभी कर आणि दादाला विचार, ही कोण? बाकी काही बोलू नको. तू तंबोरा धर, म्हणजे त्याला वाट सापडेल.

घाबरला आणि बोललाच नाही तर? तर मी गाईन. कप धुताना गात होते तेच. त्यावर तो ‘बंद कर’ म्हणाला, तरी चालेल. डॉक्टरला एक शब्द हवा होता, त्याला दोन मिळतील, आणि दोन्हींचा अर्थ लागतो.

हे पत्र माझ्या आधी एक दिवस तरी पोचायला हवं. कारण तोपर्यंत तो हाक मारणार. भिंतीकडे तोंड करून पडला असला तरी मारणार, तो माझाच भाऊ आहे. आता बंडी आणायला धावू नको. तो "बं" म्हणाला की, तो पुरं म्हणेपर्यंतही थांबू नको. जवळ जा आणि माझ्याऐवजी उत्तर दे. एकच अक्षर आहे, तुला गाता येत नसलं तरी येईल.

म्हण, "ओ."

मोठ्यानं म्हण. नळाच्या वरून जाईल असं.

बंडी